‘तिकडे खाता काय?’ आणि चीनमधल्या राहण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे इतर प्रश्न

सोलापूरहून शांघायला मी २०१७ साली आले, दोन वर्षांच्या कंत्राटावर. ते कंत्राट वाढत गेलं आणि मी इथेच रमले. घरी गेले की नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले असतात, आणि नोकरीचं पत्र हातात घेऊन इकडे निघालेल्यांचे वेगळे. गंमत म्हणजे न आलेले लोक जेवणाबद्दल विचारतात. आलेले लोक मात्र तिसऱ्या दिवशी फोन करतात तो पैसे, सिमकार्ड आणि स्वतःच्या नावाबद्दल. दोन्हींची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. अनुभव शांघायचा आहे. हार्बिनला किंवा चेंगदूला राहणारा माणूस काही वेगळं सांगेल.

तिकडे खाता काय? साप, झुरळं?

माझ्या ताटात अजून साप आलेला नाही. दक्षिणेकडे ग्वांगडाँग प्रांतात सापाचं सूप करतात हे खरं. काडीला टोचलेले विंचूही पर्यटकांच्या बाजारात मिळतात, पण ते खाताना मी पर्यटकच जास्त पाहिले. रोजचं जेवण म्हणजे भात, लसणावर परतलेली पालेभाजी, अंड्याचा किंवा मांसाचा एखादा प्रकार आणि पाण्यासारखं पातळ सूप. पहिल्या महिन्यात मला ते तिखट वगैरे नाही, मिळमिळीत वाटलं. शांघायचा स्वयंपाक वर गोडसरही असतो.

आपल्या गाडीवरचं मंचुरियन इथे कुणाला ठाऊक नाही, तो मुंबईत जन्मलेला पदार्थ. ‘शेजवान’ म्हणजे सिच्वान प्रांत, पण तिथल्या जेवणाची खूण आपली लाल चटणी नव्हे. ती खूण म्हणजे हुआच्याओ, जिभेला मुंग्या आणणारी फळं. माझ्याकडे आलेल्या मालवणच्या मैत्रिणीने डबा उघडून वास घेतला आणि म्हणाली, “अगं, हे तर तिरफळ!” जवळजवळ बरोबरच होतं तिचं. दोन्ही एकाच कुळातली झाडं आहेत.

मी शाकाहारी आहे. निभेल का?

घरी स्वयंपाक करणार असाल तर मजेत. बाहेर मात्र डोळ्यांत तेल घालून. ‘वो छ्र सू’ (मी शाकाहारी आहे) एवढं म्हणून भागत नाही, कारण भाजीवर खिमा भुरभुरवला तर ती भाजीच राहते अशी इथे प्रामाणिक समजूत आहे. डुकराची चरबी आणि ‘चीचिंग’ नावाची कोंबडीच्या चवीची पूड, या दोन गोष्टी नावानिशी नको म्हणून सांगाव्या लागतात. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंडं कुठेही मिळतं. बटाट्याचा आंबट-तिखट कीस आणि ‘ती सान श्येन’ (बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची) हे माझे आधारस्तंभ. वांग्याच्या बाबतीत चिनी माणूस आपला सख्खा भाऊ आहे.

बौद्ध शाकाहारी खाणावळी शोधा. पाटीवर बऱ्याचदा स्वस्तिक असतं, आपल्याला उलटं दिसणारं. ते बुद्धाचं चिन्ह आहे. तिथे बहुधा कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या सासूबाई आल्या तेव्हा त्यांची सोय भारतापेक्षा चांगली झाली.

आपल्या भाज्या मिळतात का?

हा माझा आवडता प्रश्न. भाजी मंडईत (इथे ‘त्साय श्र् छांग’) जा आणि नुसत्या फिरा. कारलं, घोसाळं, अळकुड्या, मुळा, कोथिंबीर सगळं आहे. उन्हाळ्यात लाल माठाच्या जुड्या येतात. इथेही तो लसणावरच परततात आणि गुलाबी पाणी भातावर घेतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मंडईतच डोळे भरून आले. गवार आणि शेवग्याच्या शेंगांची आशा सोडा.

भाव ‘चिन’चा असतो आणि एक चिन म्हणजे अर्धा किलो. हे माहीत नसल्यामुळे पहिला आठवडाभर मला सगळंच निम्म्या किमतीत वाटत होतं. एक युआन साधारण १२-१३ रुपयांचा धरा.

साबुदाणा ‘शीमी’ या नावाने मिळतो, पण तो नारळाच्या दुधातल्या गोड पदार्थासाठी असतो. त्याची खिचडी मोकळी होत नाही. सहा उपासांनंतर मी नाद सोडला. डाळी, पोहे, हिंग हे घरपोच मागवता येतं.

उकडीचे मोदक?

होतात, पण पिठाच्या पिशवीवरची अक्षरं ओळखायला शिका. दुकानात तांदळाची दोन पिठं असतात. ‘नुओमीफन’ हे चिकट तांदळाचं. दुसरं ‘चानमीफन’, याच्या नावाचा शब्दशः अर्थच ‘चिकट तांदळाचं पीठ’ असा होतो, पण असतं ते आपलं साधं पीठ! मी शब्दकोशात दुसऱ्याचा ‘चिकट’ हा अर्थ बघून शहाणपणाने पहिलं आणलं. मोदकांच्या कळ्या वाफेत वितळल्या आणि पातेल्यात एकवीस लिबलिबीत गोळे उरले. शेजारच्या आजींनी ते चाखून ‘थांगयुआन छान जमलेत’ अशी पावती दिली. थांगयुआन हा त्यांचा गोड सारणाच्या उकडलेल्या गोळ्यांचा पदार्थ, वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला करतात. गणपतीने गोड मानून घेतलं असावं.

रोख पैसे किती आणू?

थोडेच. इथे भाजीवाला, चांभार, देवळातली दानपेटी सगळं क्यूआर कोडवर चालतं. यूपीआयमुळे आपल्याला आता त्याचं नवल उरलेलं नाही. फरक एवढाच की आपल्याकडे ती सोय आहे आणि इथे ती अट आहे. रोकड नाकारायला कायद्याने मनाई आहे, पण सुटे परत देताना दुकानदार शेजारच्या तीन दुकानांत फिरून येतो आणि आपल्यालाच अपराधी वाटतं.

निघण्याआधी अलीपे (पैसे देण्याचं ॲप) आणि वीचॅट (निरोप, फोन, पैसे सगळ्याचं ॲप) फोनवर टाकून आंतरराष्ट्रीय कार्ड जोडून ठेवा. २०२३ पासून परदेशी कार्डांसाठी ही वाट बरीच मोकळी झाली आहे. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यावर ३ टक्के. बँकेकडून कार्डाचे परदेशी व्यवहार चालू करून घ्यायला विसरू नका. निम्म्या लोकांचा तिसऱ्या दिवशीचा फोन याच कारणाने येतो.

फोन बंद पडला की तुम्ही या शहरात अस्तित्वातच नसता. टॅक्सी नाही, जेवण नाही, घराची वाटही नाही. म्हणून जवळजवळ प्रत्येक दुकानात भाड्याने पॉवर बँक मिळते. एका ठिकाणी घ्यायची, दुसरीकडे परत करायची.

व्हॉट्सॲप चालतं का? आईशी कसं बोलणार?

व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब, फेसबुक, काही चालत नाही. आता दुसरी बाजू पाहा: इथलं सगळं जग वीचॅटवर, आणि भारताने जून २०२० मध्ये ज्या ५९ चिनी ॲपवर बंदी घातली त्यात वीचॅट होतं. म्हणजे मायलेकींच्या फोनवर सामाईक काही उरतच नाही. भारतीय सिम रोमिंगवर असेल तर त्यावर व्हॉट्सॲप चालतं, कारण तो डेटा आपल्या कंपनीमार्फत फिरतो. दोघींकडे आयफोन असेल तर फेसटाइम चालतं. बरेच परदेशी लोक व्हीपीएन (बंद साइट उघडून देणारी आडवाट) वापरतात, पण परवानगी नसलेलं व्हीपीएन इथल्या कायद्यात बसत नाही हे जाणून मग काय ते ठरवा. माझी आई अजूनही रविवारी साधा फोन लावते आणि पहिलं वाक्य ‘ऐकू येतंय का?’ हेच असतं.

नावाची कसली अडचण?

मराठी माणसाचं पासपोर्टवरचं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. चिनी नाव दोन-तीन अक्षरांचं. बँकेतल्या मुलीने माझं नाव आडनाव आधी घालून सलग लिहिलं, मोबाइल कंपनीने मधलं नाव गाळलं, आणि रेल्वेच्या खात्यात ते जागा न सोडता एकत्र झालं. तिन्ही ठिकाणची नावं जुळल्याशिवाय पैसे हलत नाहीत. मग बँकेत तीन खेपा, दर वेळी नवा शिक्का. पहिल्या ठिकाणी नाव नोंदवाल तेव्हा त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि पुढे सगळीकडे मोकळ्या जागांसकट तसंच लिहायला लावा. हा एक सल्ला ऐकलात तरी बाकीचं पान वाचलं नाही तरी चालेल.

पोहोचल्यावर पहिलं काम कोणतं?

पोलीस चौकी. घाबरू नका, घरी उतरलात तर २४ तासांच्या आत राहत्या पत्त्याची नोंद करायची असते. हॉटेलवाले ती स्वतःच करतात. नोकरीच्या व्हिसावर आला असाल तर ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज. घर भाड्याने घेताना ‘एक महिन्याची अनामत, तीन महिन्यांचं भाडं आगाऊ’ ही सर्रास चाल आहे, म्हणजे पहिल्याच दिवशी चार महिन्यांचे पैसे हातात लागतात.

भाषा शिकावीच लागेल का?

शिकाच, आणि एक आनंदाची बातमी: मराठी माणसाची जीभ निम्मी तयार असते. रोमन लिपीत चिनी लिहितात त्याला पिनयिन म्हणतात. त्यातलं बी हे अक्षर ‘ब’ नसून ‘प’ आहे, पी म्हणजे ‘फ’सारखा महाप्राण ‘प्ह’, डी म्हणजे ‘त’, टी म्हणजे ‘थ’, जी म्हणजे ‘क’, के म्हणजे ‘ख’. बीजिंगचा खरा उच्चार ‘पेइचिंग’ असा होतो. माझ्या वर्गातला इंग्रज प-फ, त-थ करून दमला. आपण तर बाराखडीच घोकून आलेलो.

त्याहून मजेचं म्हणजे चमच्यातला च आणि चिमट्यातला च. आपल्या जिभेला हा फरक न शिकवता येतो. चिनीत हे दोन वेगवेगळे वर्णच आहेत. ‘सुप्रभात’ला नुसतं ‘चाओ’ म्हणतात, तो च चमच्यातला. कोंबडीला ‘ची’ म्हणतात, तो चिमट्यातला. हिंदी भाषक सहकाऱ्याला पहिला च जमेना, तेव्हा फार बरं वाटलं.

सुरांत मात्र मराठी कामाला येत नाही. ‘माय’ एका सुरात विकत घेणं, दुसऱ्यात विकणं. ‘थांग’ एका सुरात सूप, दुसऱ्यात साखर. मी एकदा चहात घालायला साखर मागितली आणि वाडगाभर सूप आलं. चहा इथे ‘छा’च आहे, आपला शब्द इथूनच निघाला, पण त्यात दूध-साखर मागणं म्हणजे पुरणपोळीवर सॉस मागण्यासारखं.

आणखी एक. घरकामाला येणाऱ्या बाईंना ‘आयी’ म्हणतात. अर्थ मावशी, आणि आपणही त्यांना मावशीच म्हणतो. पण माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मी दुसऱ्याच बाईला दिवसभर ‘आयी, आयी’ करतेय हे पाहून दोन दिवस गप्प होती.

थंडी सोसेल का?

हा प्रश्न उत्तरेकडे निघालेले विचारतात, विचारायला हवा शांघायला येणाऱ्यांनी. छिनलिंग डोंगररांग आणि ह्वाय नदी यांच्या रेषेवर चीनचे दोन भाग केलेत. उत्तरेला सरकारी यंत्रणेतून घरं तापवतात, बीजिंगमध्ये साधारण १५ नोव्हेंबर ते १५ मार्च. बाहेर उणे दहा, आत बनियनवर बसा. शांघाय या रेषेच्या दक्षिणेला. इथे शून्याच्या आसपास पारा, हवेत ओल, भिंती पातळ, आणि आत एका एसीची गरम फुंकर डोक्यावर. सोलापूरच्या माणसाने जानेवारीत घरात दोन स्वेटर, वर कोट घालून जेवणं म्हणजे काय ते मला विचारा. विजेची गादी घ्या. लाजू नका.

सगळे गरम पाणीच का पितात?

कारण थंड पाणी पोटाला वाईट. बस्स, एवढंच उत्तर आहे, आणि ते सर्दी, पोटदुखी, प्रेमभंग या सगळ्यांवर चालतं. रेल्वेच्या डब्यात उकळत्या पाण्याचे नळ असतात, ऑफिसात प्रत्येकाच्या टेबलावर थर्मास. बीजिंग–शांघाय हे १,३१८ किलोमीटर अंतर गाडी साडेचार तासांत कापते आणि तेवढ्या वेळात शेजारचे काका तीनदा पाणी भरून आणतात. मला हे चटकन पटलं, कारण आमच्या आजीचंही हेच म्हणणं होतं. बाळंतिणीने महिनाभर बाहेर पडायचं नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही, ही इथली चाल आणि आपला सव्वा महिना यांत फरक शोधावा लागतो.

पहिल्याच भेटीत पगार विचारतात म्हणे?

पगार, वय, लग्न, मूल, घराचं भाडं. वजन वाढलं असेल तर तेही तोंडावर सांगतात. गोऱ्या सहकाऱ्यांना याचा फार त्रास होतो. मला तर लग्नकार्यात बसल्यासारखं वाटतं. जुन्या वळणाची माणसं भेटल्यावर ‘जेवलात का?’ विचारतात, जेवताना ‘मान मान छ्र’ म्हणजे ‘सावकाश होऊ द्या’, आणि निघताना ‘मान चोउ’, सावकाश जा. बिलावरून हॉटेलात झोंबाझोंबी होते ती खोटी नसते, पण दोनदा हट्ट करून तिसऱ्यांदा सोडून द्यायचा असतो.

भेट काय न्यावी? काय नेऊ नये?

फळं, सुका मेवा, मिठाई. घड्याळ कधीच नाही: ‘घड्याळ भेट देणं’ आणि ‘अंत्यविधीला हजर राहणं’ यांचा उच्चार एकच. पुरुषाला हिरवी टोपी देऊ नका, तिचा अर्थ त्याची बायको दुसऱ्याच्या नादी आहे. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका, ते मृताच्या नैवेद्यासारखं दिसतं. चारचा उच्चार ‘मरण’ या शब्दाशी जुळतो म्हणून आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ४ आणि १४ ही बटणं नाहीत. आठाला मात्र मान: बीजिंग ऑलिंपिक ८-८-२००८ ला रात्री ८ वाजता सुरू झालं.

आजारी पडले तर?

घराजवळचा डॉक्टर ही कल्पना विसरा. सर्दीलाही लोक मोठ्या रुग्णालयात जातात. आधी ‘क्वाहाओ’, म्हणजे केसपेपर. मग डॉक्टर, मग तपासणीचे पैसे, मग तपासणी, मग पुन्हा तोच डॉक्टर, मग औषधाचे पैसे, मग औषध. वेगाने होतं, पण चालायला फार लागतं. पहिल्या खेपेला चिनी येणारं माणूस सोबत न्या.

कचऱ्याबद्दल एवढं काय बोलतात?

१ जुलै २०१९ पासून शांघायमध्ये चार प्रकारांत कचरा वेगळा करणं सक्तीचं झालं. डब्यांपाशी स्वयंसेविका उभ्या असायच्या आणि विचारायच्या, ‘तू कोणता कचरा?’ शहरभर त्याचा विनोद झाला होता. नारळाचं खोबरं ओला कचरा आणि करवंटी कोरडा, हे मी ओरडा खाऊन शिकले.

भारतीय म्हणून वाईट वागवतात का?

तोंडावर क्वचित. टक लावून बघतात, लहान मुलं ‘लाओवाय’ म्हणजे परदेशी असं ओरडतात, आणि आमिर खान तुमच्या शेजारी राहतो का असं विचारतात. त्याला इथे लाडाने ‘मी शू’ म्हणतात, म्हणजे आमिरमधला ‘मी’ आणि पुढे काका. इंटरनेटवर चित्र वेगळं. तिथे भारतीयांसाठी ‘आसान’ हा हिणकस शब्द चालतो. तो याच शहरातला, इंग्रजांच्या काळात इथल्या वसाहतीत नेमलेल्या शीख पोलिसांवरून पडलेला. सीमेवर काही घडलं की घरमालकाचे प्रश्न वाढतात. २०२० नंतरची काही वर्षं थेट विमानंही नव्हती. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता–ग्वांगझौ विमान सुरू झालं तेव्हा आमच्या गटात पेढे वाटायचे बाकी होते.

वयस्कर माणूस भेटला आणि मी सोलापूरची म्हटलं तर काही अर्थबोध होत नाही. पण ‘ख तीहुआ’च्या गावची म्हटलं की कधी कधी चेहरा बदलतो. हे आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून आले, युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, इथेच लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२व्या वर्षी गेले. समाधी षिच्याच्वांग शहरात हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे. एका एप्रिलमध्ये छिंगमिंगच्या सुट्टीत, म्हणजे पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करायच्या दिवसांत, मी तिथे गेले. कुणीतरी आधीच पिवळी शेवंती ठेवून गेलं होतं.

सणांचं काय?

त्यांचं पंचांगही चांद्र, आणि त्यातही अधिक महिना असतो, फक्त आपल्याच वेळी येईल असं नाही. २०२५ मध्ये त्यांचा अधिक महिना आला आणि ६ ऑक्टोबरला त्यांची मध्यशरद पौर्णिमा आणि आपली कोजागरी एकाच रात्री पडली. गच्चीवर आम्ही आटीव दूध ठेवलं, त्यांनी मूनकेक, म्हणजे या पौर्णिमेची त्यांची मिठाई, आणले. दुधातलं केशर सगळ्यांना आवडलं. जायफळ औषधासारखं लागलं म्हणे.

सुट्टीचा हिशोब मात्र डोकं फिरवतो. मोठी सलग सुट्टी मिळते, पण तिचे काही दिवस आधीच्या-नंतरच्या शनिवारी-रविवारी काम करून फेडायचे. चिनी लोकही यावर कुरकुरतात.

सोबत काय आणू?

गोडा मसाला, हिंग, पोळपाट-लाटणं, रोजची औषधं चिठ्ठीसकट. ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आपले जाड गोल पिनांचे प्लग इथे बसत नाहीत, अडॅप्टर घ्या. सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी खिशात कायम कागद ठेवा. बादली आणि तांब्या इथे मिळतो, त्यासाठी बॅगेत जागा घालवू नका. तीच जागा कुकरला द्या, आणि त्याच्या दोन जास्तीच्या रबरी रिंगा. माझी पहिली रिंग इथे आल्यावर सातव्या महिन्यात गेली आणि पुढचे चार महिने वरण पातेल्यात शिजत होतं.